समुद्रावरच्या सूर्यास्ताचा फोटो: डोळ्याला गोळा दिसतो, फोटोत पांढरा ठिपका का येतो?

शिरोलीकर:

नमस्कार मंडळी. राहणार कोल्हापूर, नोकरी शिरोलीला फाउंड्रीत, क्वालिटी डिपार्टमेंट. फोटोग्राफीचं रीतसर शिक्षण काही नाही, हौस मात्र दांडगी. कॅननचा १५००डी आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका मित्राकडून सेकंडहँड घेतलेली ५५-२५०. एवढाच संसार.

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला गेलो होतो. संध्याकाळी डोळ्याला जे दिसत होतं त्याला तोड नव्हती. तांबूस गोळा, पाण्यावर सोनेरी पट्टा, वरच्या ढगांना जांभळट कड. घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर मधोमध पांढरा ठिपका, भोवती पिवळट फिकट आभाळ, आणि पुढं उभी असलेली बायको आणि पोरगी दोघी काळ्याकुट्ट. बायको म्हणते, "ह्यातली मी कुठली आणि तुमची लेक कुठली तेवढं सांगा, म्हणजे स्टेटसला ठेवते."

आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मालवणला जायचं ठरतंय, दोन मुक्काम. ह्या वेळी एक तरी फोटो असा पाहिजे की मोठा करून हॉलमध्ये लावता येईल. यूट्यूबवर कोण म्हणतो फिल्टर घ्या, कोण म्हणतो फुल फ्रेम कॅमेरा घ्या. फिल्टरचा जो सेट सांगतात तेवढ्यात आमची मालवणची ट्रिप बसते. खरंच लागतो का तो? आणि मालवणात नेमकं कुठं उभं राहावं, सिंधुदुर्ग किल्ल्यामागं सूर्य आणता येतो का, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

तिकटीवरचा:

भावा, मालवणला माणूस सुरमई खायला जातो. सूर्य काय, रंकाळ्यावर बी मावळतो. फोनवर एचडीआर चालू कर, बटण दाब, विषय संपला.

डार्करूमवाले काका:

तिकटीवरचा, रंकाळ्याचं बोललास ते सोळा आणे खरं, त्यावर येतोच. एचडीआरचं तेवढं खरं नाही. तो सावल्या वर काढतो, उजेड खाली दाबतो आणि सगळं एका पातळीला आणून ठेवतो. सूर्यास्ताच्या फोटोत थोडा अंधार लागतोच, नाहीतर उजेड कशाच्या जोरावर दिसणार?

शिरोलीकर, महाद्वार रोडला आमचा स्टुडिओ. आता ऑर्डरी पोरगा बघतो आणि मी गल्ल्यावर बसून उपदेश करतो, त्यामुळं लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

पांढऱ्या ठिपक्याचं उत्तर तुमच्या फाउंड्रीतच आहे. पोअरिंग चालू असताना लॅडलचा फोटो फोनवर काढून बघा, सेफ्टीवाल्याला विचारून. डोळ्याला भगवं-पिवळं दिसणारं मेटल फोटोत पांढरंफेक येतं. शेड अंधारी असते, कॅमेरा अख्ख्या शेडचा हिशोब धरतो, अंधार उजळावा म्हणून प्रकाश जास्त आत घेतो आणि मेटलचा भाग जळतो. जळलेल्या जागी लाल, हिरवा, निळा तिन्ही काठोकाठ भरलेले असतात, म्हणून पांढरा. मग सॉफ्टवेअरमध्ये कितीही ओढाताण करा, तिथं रंग येत नाही, कारण फायलीत तो उतरलेलाच नसतो. तारकर्लीला तुमच्या फ्रेममध्ये काळपट पाणी होतं आणि सूर्याकडं पाठ केलेल्या दोघी. कॅमेऱ्यानं त्यांना उजळायला बघितलं. त्या काही उजळल्या नाहीत, आभाळ मात्र हातचं गेलं.

१५००डीला स्पॉट मीटरिंग, म्हणजे अगदी ठिपक्याएवढ्या जागेचा उजेड मोजायची सोय नाही, पार्शल आहे. ते निवडा. मग फ्रेमच्या मधला साधारण १० टक्के भागच मोजला जातो. तो मधला भाग सूर्याच्या शेजारच्या आभाळावर आणा, सूर्य त्यात येऊ देऊ नका. अंगठ्याजवळ चांदणीचं बटण आहे, ते दाबलं की मोजमाप धरून ठेवलं जातं. मग पाहिजे तशी फ्रेम लावून फोटो काढा. एवढी यातायात नको असेल तर वरची चकती एव्ही मोडवर लावून +/- चं बटण दाबून चाक फिरवा आणि काटा उणे एकवर आणा. स्क्रीनवर फोटो काळपट वाटेल, वाटू दे. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, ठेवलीत तर सावलीतला भाग घरी आल्यावर बराच वर काढता येतो.

दुसरं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंगांचा हिशोब. तो ऑटोवर असला की कॅमेऱ्याला वाटतं फोटोवर पिवळी झाक चढलीय, आणि तो इमानदारीनं सगळा सूर्यास्त धुऊन काढतो. रोलच्या काळात हे दुखणं लॅबमध्ये होतं. आम्ही सूर्यास्ताचे रोल द्यायचो, तिथलं ऑटोमॅटिक मशीन भगवं आभाळ बघून रंग बिघडलाय असं ठरवायचं आणि राखाडी प्रिंट बाहेर टाकायचं. गिऱ्हाईक भांडायचं आमच्याशी. शेवटी मी पाकिटावर लाल पेनानं लिहायला लागलो, "रंग कमी करू नये, आभाळ असंच होतं." तुम्हाला पेन लागत नाही, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर नाहीतर क्लाउडीवर ठेवला की झालं.

आता आकार. गोळा एवढा मोठा होता आणि फोटोत एवढासा का, ही तक्रार तुम्ही अजून केलेली नाही, पण करणार आहात. लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याला साधारण ११०नं भागा, सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, सूर्य तेवढ्या मिलिमीटरचा पडतो. ५५ला अर्धा मिलिमीटर. तुमच्या सेन्सरची रुंदी २२ मिलिमीटरच्या थोडी वर, म्हणजे सूर्य फोटोच्या रुंदीचा चव्वेचाळिसावा हिस्सा. २५०ला तोच सव्वादोन मिलिमीटर, जवळजवळ दहावा हिस्सा. तेव्हा ती सेकंडहँड ५५-२५० हीच तुमची खरी सूर्यास्ताची लेन्स आहे. लोक उलटं करतात. समुद्र मोठा म्हणून रुंद लेन्स लावतात, मग अर्धं आभाळ, अर्धं पाणी आणि मध्ये बघायला काही नाही. रुंद लावायची तर वर ढग पाहिजेत किंवा पायाशी काहीतरी पाहिजे: खडक, होडी, ओल्या वाळूतलं प्रतिबिंब.

माझं तर मत असं की नुसत्या सूर्याचा फोटो काढूच नये. तो सगळीकडं तसाच असतो, मालवणचा काय आणि मुंबईचा काय. आधी पुढ्यातली वस्तू ठरवावी आणि सूर्याला तिच्यामागं आणावं.

सूर्याला आणायचं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. अंबाबाईचा किरणोत्सव आठवा. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, एका दिवशी चरणांपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग मुखापर्यंत. आभाळ स्वच्छ असलं तर, नाहीतर वाटेतच विरतात. वर्षात दोनदाच का? कारण सूर्य रोज एका जागी मावळत नाही. २१-२२ डिसेंबरला तो दक्षिणेकडं सगळ्यात लांब गेलेला असतो. नोव्हेंबरच्या तारखा त्याच्या साधारण ४० दिवस अलीकडं, जानेवारी-फेब्रुवारीच्या साधारण ४० दिवस पलीकडं, म्हणून दोन्ही वेळा तो क्षितिजावर त्याच जागी सापडतो. देवळाची दिशा शेकडो वर्षांपूर्वी त्याच्याशी जुळलेली आहे, आणि आपण मार्चमध्ये काढलेला कुणाचा तरी फोटो बघून डिसेंबरात त्याच खडकावर जाऊन उभे राहतो आणि सूर्य कुठं गेला म्हणून शोधतो.

मालवणला डिसेंबरअखेर सूर्य सरळ पश्चिमेच्या चोवीसेक अंश डावीकडं मावळतो. हात सरळ पुढं करून वीत ताणली की ती साधारण वीस अंश भरते. पश्चिमेपासून वीतभर आणि वर दोन बोटं, तिथं तो बुडणार. दुपारीच हे मापून ठेवता येतं, कुठलं ॲप नको. त्या दिवसांत सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर आहे, पण तुम्ही पाचला जागेवर पाहिजे.

गोळा पाण्याला टेकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम अडीच मिनिटं मिळतात. त्यात लेन्स बदलायची, स्टँड उघडायचा, पोरीला हाक मारायची असं काही होत नाही. शिवाय हिवाळ्यात क्षितिजाशी धुरकट पट्टा असतो, सूर्य पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच त्यात गायब होतो. म्हणून तो तीन-चार बोटं वर असतानाच काही फोटो पदरात पाडून घ्या.

आणि तो बुडाला की बॅग भरू नका. सगळा किनारा भेळेच्या गाडीकडं वळतो तेव्हाच थांबायचं असतं. सूर्य आपल्याला दिसेनासा झाला तरी उंचावरच्या ढगांना त्याचं ऊन खालून लागत असतं. वर विरळ ढग असतील तर रंग दहा-पंधरा मिनिटांनी चढतो, कधी तर सूर्य असताना नव्हता एवढा. नंतर निळाई येते, वीस-बावीस मिनिटांनी तीही गडद होते. ह्या वेळात स्टँड पाहिजेच. आयएसओ १००, शटर अर्धा सेकंद ठेवा, परत जाणाऱ्या लाटेच्या फेसाच्या रेघा उमटतात.

घरच्यांचा फोटो हा वेगळा विषय, त्याला आणि सूर्याला एका फ्रेममध्ये कोंबायचा हट्ट आधी सोडा. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी त्यांना सूर्याकडं तोंड करून उभं करा, तुम्ही सूर्याकडं पाठ करा. ते ऊन कुठल्याही स्टुडिओच्या लाइटला भारी. मागं आभाळ पाहिजेच असेल तर आधी आभाळापुरतं एक्स्पोजर (आत घ्यायचा प्रकाश) एम मोडवर, म्हणजे हातानं, लावा, शटर १/२०० च्या पुढं नेऊ नका, आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडून त्यांना पाच-सहा फुटांवर उभं करा. फ्लॅशचा उजेड पांढरा असतो, भगव्या आभाळापुढं चेहरे कापून चिकटवल्यागत दिसतात. त्यावर उपाय म्हणजे नारिंगी जिलेटिन पेपर. गॅदरिंगच्या लाइटला लावतात तोच, स्टेशनरीवाल्याकडं मिळतो. आगपेटीएवढा तुकडा कापून फ्लॅशच्या काचेवर सेलोटेपनं लावा. स्किनचा रंग जागेवर येतो.

नाहीतर काळ्याच येऊ द्या, पण ठरवून. दोघींमध्ये हातभर अंतर ठेवा, कॅमेऱ्याकडं नको, एकमेकींकडं बघायला सांगा म्हणजे नाक-हनुवटी दिसते. तुम्ही वाळूत गुडघे टेका, त्यांची डोकी समुद्राच्या रेषेच्या वर आभाळात आली पाहिजेत. मग आई कुठली आणि लेक कुठली हे कानातल्या डुलांवरून पण कळेल.

फिल्टर आत्ता घेऊ नका. ते वर काळे आणि खाली स्वच्छ असतात, आभाळ आणि पाणी ह्यांच्यातला फरक कमी करायला. चांगली वस्तू आहे, पण रॉ फाइल आणि उणे एक ह्यांच्यात तुमचं ऐंशी टक्के काम होतंय. उलट लेन्सवर जो यूव्ही फिल्टर असेल तो सूर्य फ्रेममध्ये असताना काढून खिशात ठेवा. सूर्याच्या समोरच्या कोपऱ्यात हिरवट डाग येतात ते बऱ्याचदा त्याचेच.

आणि सराव रंकाळ्यावर. चौपाटीवर उभं राहिलं की मावळत समोर, पलीकडच्या काठाला शालिनी पॅलेस. आबालाल रहिमान ह्या रंकाळ्याची, कोटितीर्थाची निसर्गचित्रं रंगवत असत, तेव्हा जागा काही वाईट नाही. पेट्रोल नाही, मुक्काम नाही. बिघडलं तर दुसऱ्या दिवशी सूर्य पुन्हा येतोच.

दांडीकिनारा:

काकांनी सूर्याची वेळ सांगितली, समुद्राची सांगायची राहिली. घाटावरची माणसं भरती-ओहोटी बघून येत नाहीत, मग म्हणतात फोटोत वाळू कोरडी आली. आमचं घर मालवणात किनाऱ्यालाच आहे, पर्यटक ठेवतो, हे रोज बघते.

घरातलं कॅलेंडर काढा. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीच्या सहा-सव्वासहा तास पुढं ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण फोटोला एवढं गणित पुरतं.

आता सूर्यास्ताशी जुळवून बघा. अष्टमी-नवमीला आलात तर सहा-साडेसहाला पाणी पार वर चढलेलं, पायाखाली मऊ कोरडी वाळू आणि पुढं गढूळ फेस. शिवाय त्या दिवसांत भांगाची भरती, पाणी फारसं मागं जातच नाही. द्वितीया ते चतुर्थी ह्या दिवसांत सहाच्या सुमाराला पाणी उतरत असतं आणि वाळूचा लांबच लांब सपाट पट्टा ओला राहतो. लाट मागं गेली की वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो, दोन-तीन सेकंदच. मग वाळू ते पिऊन टाकते आणि चमक जाते. त्या दोन-तीन सेकंदांत कॅमेरा घोट्याएवढ्या उंचीवर असला तर सगळं आभाळ खाली उतरलेलं मिळतं. उभ्यानं काढलात तर नुसती ओली वाळू. आमच्याकडं राहायला येणारे फोटोवाले उताणे-पालथे होतात ते त्यासाठी.

स्टँड ओल्या वाळूत नुसता ठेवू नका. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि एक पाय हळूच खचतो. तिन्ही पाय आधीच दाबून रोवा आणि कॅमेऱ्याचा पट्टा हातात ठेवा.

आणखी एक. संध्याकाळी रापण ओढत असले तर फोटो फार चांगला मिळतो, जाळ्याची दोरी धरून मागं रेललेली माणसांची रांग. पण आधी विचारा. काम चालू असतं, मध्ये येऊ नका. दोरीला थोडा हात लावलात तर आपणहून बोलतील, आणि मासळी ताजी कुठं मिळेल तेही सांगतील.

तिकटीवरचा:

शेवटच्या वाक्यासाठी दांडीकिनारा ताईंना माझं मत. पाऊणपटीचं गणित लई भारी, आज आईला विचारलं तर तिलाबी माहीत नव्हतं.

काका, थट्टा जाऊ दे. माझ्याकडं फोनच आहे. त्यात काय होईल?

शिरोलीकर:

सगळ्यांचे आभार. रविवारी रंकाळ्यावर गेलो. पार्शल आणि चांदणी, काकांनी सांगितलं तसं. पहिल्यांदाच सूर्य गोल आणि भगवा आला! ढग नव्हते, त्यामुळं आभाळ सपाट आहे, पण शालिनी पॅलेसचा मनोरा पूर्ण काळा आणि शेजारी सूर्य, २०० मिलिमीटरवर. बायकोनं आपणहून स्टेटसला ठेवला, ह्यात सगळं आलं.

कॅलेंडर बघितलं, आमच्या मुक्कामाच्या दोन्ही दिवशी तृतीया आणि चतुर्थी येतेय. हॉटेल आधीच बुक केलं होतं, हे निव्वळ नशीब.

दोन शंका. किल्ल्यामागं सूर्य येईल का, त्याचं काय ते अजून कळलं नाही. आणि २५०वर झूम करून व्ह्यूफाइंडरमधून बघताना डोळ्यांपुढं बराच वेळ हिरवं-जांभळं दिसत राहिलं. हे नॉर्मल आहे काय?

डार्करूमवाले काका:

नॉर्मल नाही, आणि पुन्हा तसं करू नका. २५०ची लेन्स सूर्य गोळा करून थेट डोळ्यात सोडते. लाइव्ह व्ह्यू चालू करा आणि मागच्या स्क्रीनवर बघा. फ्रेम लागली, फोटो काढला, की कॅमेरा खाली. सूर्यावर रोखून स्टँडला लावून चहाला जाणं कॅमेऱ्याच्याही तब्येतीला बरं नाही. सूर्य लाल होऊन डोळ्याला बोचेनासा झाला तरी मी स्क्रीनच वापरतो. आणि डोळ्यांपुढचं ते दिसणं अजून गेलं नसेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवून घ्या, मालवण नंतर.

किल्ल्याचं असं. मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग बराचसा दक्षिणेकडं पडतो, तिथून सूर्य कधीच त्याच्यामागं येणार नाही. दांडीच्या किनाऱ्यानं वायरीच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला चालत गेलं की किल्ला हळूहळू नैऋत्येकडून पश्चिमेकडं सरकत जातो. तुम्ही डिसेंबरात जाताय, तेव्हा तो सरळ पश्चिमेला नको. फोनच्या होकायंत्रात किल्ल्याचा हवा तो बुरूज २४५ अंशांच्या आसपास दिसेल ती तुमची जागा. मार्चमध्ये जाणाऱ्याला त्याच फोटोसाठी आणखी दक्षिणेला चालावं लागेल. दोन मुक्काम आहेत, पहिली संध्याकाळ जागा हेरायला ठेवा. रोज सूर्य तिथंच मावळतो असं समजायला दोन दिवसांपुरती हरकत नाही.

त्यात एक गंमत आहे. कुठलीही वस्तू तिच्या आकाराच्या साधारण ११० पट लांब असली की बरोबर सूर्याएवढी दिसते. तटाची उंची साधारण ३० फूट, म्हणजे नऊ मीटर. किलोमीटरभर लांबून बघितलं तर सूर्य आणि तट सारख्या उंचीचे. जवळ गेलात तर तट मोठा आणि सूर्य बारका, लांब गेलात तर सूर्य तटाच्या डोक्यावर चढून बसलेला. सूर्याचा आकार लेन्स ठरवते, वस्तूचा आकार तुमचे पाय ठरवतात. होडीत उभा असलेला माणूस पावणेदोनशे-दोनशे मीटरवर असला तर तो अख्खा गोळ्याच्या आत मावतो. लेकीचा असा फोटो काढायची कल्पना डोक्यात आली असेल तर आधीच सांगतो, सरळ किनाऱ्यावर जमत नाही. तिच्यामागं सूर्य यायला ती तेवढी लांब समुद्रातच उभी पाहिजे. त्याला वळणाचा किनारा किंवा आत गेलेलं खडकाचं टोक लागतं.

फोकस गोळ्यावर करायला गेलात तर लेन्स नुसती पुढं-मागं फिरत राहते. तटाच्या कडेवर नाहीतर क्षितिजाच्या रेषेवर फोकस करा आणि लेन्सवरचं बटण एमएफवर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर, टाका. क्षितिज तिरकं येऊ देऊ नका, स्क्रीनवर ग्रिडच्या रेषा चालू करता येतात. तिरका समुद्र घरी सरळ करता येतो, पण कडेचा बुरूज कापला जातो.

तिकटीवरचा, फोनचं ऐक. सगळ्यात आधी काच पूस, तुझ्या बोटाचं तेल लागलेलं असतं, सूर्यातून निघालेले ते लांब पट्टे त्याचेच. शर्टाचा कोपरा चालेल. मग सूर्याच्या शेजारच्या आभाळावर बोट टेकव आणि लॉक असं येईपर्यंत दाबून धर. बाजूला बारका सूर्य दिसतो तो बोटानं खाली ओढ, रंग भरेपर्यंत. दोन बोटांनी चिमटा उघडून झूम करू नकोस, फोनला वेगळी झूमची लेन्स असली तर तिचंच बटण दाब. साध्या लेन्सला सूर्य फोटोच्या रुंदीचा दीडशेवा हिस्सा येतो, तेव्हा फोनवर सूर्याच्या मागं लागूच नको. दांडीकिनारा ताईंनी सांगितलेला ओल्या वाळूचा फोटो हा फोनचाच फोटो आहे. फोन उलटा धर, लेन्स खाली वाळूजवळ येते.

परत आल्यावर कॅमेरा कोरड्या रुमालानं पुसू नका. वाऱ्यानं बसलेले मिठाचे कण काचेवर घासतात. आधी ब्लोअरनं उडवा, मग मऊ फडकं किंचित ओलं करून अंग पुसा, मग कोरडं. स्टँडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर महिन्याभरात कुलपं जाम होतात. वाळूत लेन्स बदलणं शक्यतो टाळा, गाडीत बसून बदला. आणि ती ५५-२५० पावसाळ्यात कपाटात कपड्यांत गुंडाळून ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. आमच्या स्टुडिओत बुरशी धरलेल्या लेन्स दर सप्टेंबरात येतात आणि मालक म्हणतो, काका, फोटो जरा धुरकट येतायत.

दांडीकिनारा:

काकांनी सांगितलेल्या जागेवर आमच्याकडच्या होड्या नांगरलेल्या असतात. किल्ल्यापुढं एखादी होडी घ्या फ्रेममध्ये, नुसता तट लांबून आडव्या रेघेसारखा येतो. पाण्यात उतरताना खडक बघून, शेवाळ असतं.

तिकटीवरचा:

शिरोलीकर, घाट कुठला धरणार? राधानगरीवरून दाजीपूर, फोंडा, कणकवली असा जा, नाहीतर गगनबावड्यावरून करूळ. पण आदल्या दिवशी कुठला चालू हाय ते विचारून घे, नाहीतर सूर्य मालवणात आणि तू घाटात. चार-साडेचार तास धर, जेवणाचं वेगळं.

शिरोलीकर:

फोंड्यानं जाणार. सकाळी सातला निघतोय. जिलेटिन पेपर आणला, स्टेशनरीवाल्यानं गॅदरिंग कुठल्या शाळेचं म्हणून विचारलं. हिरवं-जांभळं त्याच संध्याकाळी गेलं होतं, तरी डॉक्टरांना दाखवून आलो, काही नाही म्हणाले.

गाडीत एक सीट रिकामी आहे. तिकटीवरचा, येतोस काय?

तिकटीवरचा:

येतो की. पण स्टँड मी उचलणार नाही आणि दुपारी जेवायला कुठं थांबायचं ते मी ठरवणार.